देवाजीची बांधी आणि माझं गप्प बसणं

दोरी पुढे सरकली आणि नुकत्याच रोवलेल्या रोपांवर येऊन बसली. ओणव्या बाया सरळ उभ्या झाल्या. चिखलाचे हात कमरेवर गेले.

"काऊन रे देवाजी," एकीनं विचारलं, "आमी मांगं सरकून राह्यलो अन् तू दोरी घेऊन पुढं कुठी चाल्ला?"

देवाजीनं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. मूल नावाच्या मोठ्या गावाजवळच्या एका खेड्यात मी ग्रामसेवक होतो. तेव्हा आमच्या ब्लॉक ऑफिसला जपानी पद्धतीच्या भातशेतीनं झपाटलं होतं. पद्धत सोपी होती. रोपं मूठभर न लावता दोन-तीनच लावायची आणि दोरी धरून सरळ ओळीत लावायची, म्हणजे ओळींमधून निंदणीचं यंत्र फिरतं. गावाला ती मुळीच सोपी वाटत नव्हती. इकडे रोवणा म्हणजे बायांचं राज्य. त्या गाणं म्हणत, मागे मागे सरकत, मनाला येईल तिथं रोप खोचत जायच्या. त्यात दोरी आणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पट्टी घेऊन पोळ्या मोजणं.

गावात एकही शेतकरी प्रात्यक्षिकाला बांधी, म्हणजे भातशेताचा तुकडा, द्यायला तयार होईना. शेवटी देवाजी आला. वय सतरा-अठरा. "भाऊ, मले करून पाहू द्या."

त्याचे वडील सोमाजीभाऊ हसले. "याले? यानं जाळं विणायले घेतलं, अर्धं सोडलं. शिवण शिकायले गेला, अर्धं सोडलं. पोट्टा सगळा अर्धा हाये." पण बांधी दिली. शर्त घातली, की रोवणा एका दिवसात, दिवस बुडायच्या आत पुरा झाला पाहिजे. नाही झाला तर दुसऱ्या दिवशी देवाजीनं मामाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसायचं आणि मूलच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जायचं. मामा तिथंच कामाला होता. तो बंडी घेऊन आदल्या दिवशीच येऊन बसला होता, इतकी सगळ्यांना खात्री.

सकाळी देवाजीनं मला बाजूला घेतलं. "भाऊ, तुमी आज बोलू नका. तुमी बोलले तं बाबा म्हणतीन, ग्रामसेवकानं केलं."

"तू विचारलं तरी नाई बोलू?"

"मी काऊन विचारीन?"

हे असं होतं. पहिल्या तासातच तो डोळ्यांनी विचारायला लागला. मला चूक लख्ख दिसत होती, जीभ शिवशिवत होती. पण शब्द दिला होता, आणि तोवरच्या नोकरीत एक गोष्ट मी पाहिली होती. या वयाच्या पोराला तुम्ही एक युक्ती सांगितली की काम तुमचं होतं आणि तो तुमचा गडी होतो. मग तो गड्यासारखंच काम करतो.

थोड्या वेळानं देवाजीनं स्वतःच कपाळावर हात मारला. चिखल कपाळाला लागला. दोरी बायांच्या मागे आली आणि ओळ सरळ पडली. मी धुऱ्यावरचं गवत उपटत बसलो, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसरं भांडण याहून मोठं होतं. चपळ बाया आपला भाग उरकून उभ्या राहत, मागे पडणाऱ्यांना टोमणे मारत. दोरी सगळ्यांसाठी थांबे. गाणं तर कधीच बंद पडलं होतं. "तुह्या दोरीनं आमचा गळा आवळला," एक बाई म्हणाली आणि धुऱ्यावर येऊन पान लावू लागली. तिच्यामागे दुसरी आली.

तेवढ्यात बीडीओ साहेबांची जीप आली. बीडीओ म्हणजे आमच्या ब्लॉकचे मुख्य साहेब.

"काम बंद का? आणि तुम्ही बसून काय करताय?"

"मार्गदर्शन चालू आहे, सर."

"तोंड तर बंद आहे तुमचं!"

"तेच अवघड जातंय, सर."

साहेब बूट काढून चिखलात उतरायला निघाले. मी अक्षरशः हात जोडले. "सर, तुम्ही उतरलात तर रोवणा होईल, पण पोरगा मिलमध्ये जाईल." सगळी हकीकत सांगितली. साहेब भला माणूस होता. तोही धुऱ्यावर बसला आणि माझ्या शेजारी गवत उपटू लागला.

देवाजी बांधीच्या मधोमध उभा होता. मग तो तरातरा भागरथी आत्याकडे गेला. ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. रोवायला सगळ्यांत हळू, पण गाण्यात तिच्या तोंडाला तोंड देणारं गावात कोणी नव्हतं.

"आत्या, तू रोवू नको. तू इथी उभी राह्य अन् गाणं म्हण. तुह्यं कडवं सरलं की आमी दोरी सरकवतो."

"म्हणजे मी म्हणीन तवाच?"

"तू म्हणशील तवाच."

आत्यानं पदर खोचला. तिनं पहिलं कडवं लांबवलं, दुसरं आखडलं, बायांचे हात पाहून चाल बसवली. आपला भाग उरकलेल्या बाया मागे पडलेल्या शेजारणीची रोपं लावू लागल्या, कारण कडवं सरताना कोणाची ओळ रिकामी दिसली की आत्या पुढच्या कडव्यात तिचं नाव घालायची. पान लावणाऱ्या दोघी पान तोंडात कोंबून परत उतरल्या.

दिवस कलला तेव्हा एक कोपरा बाकी होता. दोरीचं दुसरं टोक देवाजीच्या मित्राकडे होतं, त्याला गुरं आणायला जाणं भाग पडलं. तो टोक टाकून पळाला. मी उठलो. माझ्याआधी सोमाजीभाऊ उतरले होते. दुपारपासून ते धुऱ्यावरून 'डावीकडून ढिली होऊन राह्यली' असं पुटपुटत होतेच. त्यांनी टोक उचललं आणि लगेच सुरू केलं, "अरे, असं नाई, जरा इकडून…"

"बाबा," देवाजी म्हणाला, "गप राहा. आत्या म्हणंल तवाच सरकायचं."

सोमाजीभाऊंनी पोराकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. आणि गप राहिले.

शेवटची ओळ संपली तेव्हा रोपं दिसेनाशी झाली होती. मामानं धुऱ्यावरून विचारलं, "भाऊजी, अन् शर्त? दिवस तं बुडाला."

"कुठी बुडाला?" सोमाजीभाऊ अंधारात हात धूत म्हणाले. "मले तं दिसून राह्यलं सगळं."

मला भरून आलं होतं, हे सांगायला आता लाज नाही. सकाळी मामाची बंडी रिकामी गेली.

बीडीओ साहेब इतके खूश झाले की पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्या ग्रामसेवकांना आदेश दिला, तरुणांना काम द्या आणि स्वतः गप्प बसा. महिन्याभरात तक्रारी आल्या. निम्मे ग्रामसेवक धुऱ्यावर झोपलेले सापडले. गप्प बसायला जागं राहावं लागतं, हे साहेब सांगायचं विसरले होते.