मांडीचा तास

नाशकातल्या एका मेडिकल कॉलेजात मी शरीररचना शिकवते. हृदय, मेंदू असे भाव खाणारे अवयव आमच्याकडे पुष्कळ, पण किस्से साठतात ते मांडीचे. का, ते मला विचारू नका.

जांघेखाली, मांडीच्या बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे, क्रम ठरलेला: नस म्हणजे नर्व्ह, मग धमनी, मग शीर. पहिल्या वर्षाची मुलं तो घोकून घोकून बेजार होतात. एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी देहाच्या डाव्या मांडीवर बोट ठेवलं आणि आमच्या विद्यार्थ्याचं डावं-उजवं पार गोंधळलं. "सर, एक मिनिट," म्हणत तो शेजारच्या रिकाम्या टेबलावर आडवा झाला. विच्छेदनाचा हॉल सांभाळणारे रंगनाथमामा शांतपणे म्हणाले, "उठा डॉक्टर. इथली अ‍ॅडमिशन निराळी असती."

*

मामा सिन्नरचे. रोज सकाळी हॉल उघडला की आधी पंखे लावतात.

"मामा, मुलं यायला तास आहे अजून."

"मुलांसाठी नाय लावत, मॅडम."

मी टेबलांवरच्या देहांकडे पाहिलं आणि उरलेल्या पंख्याचं बटण दाबलं.

*

जांघेतल्या धमनीचे ठोके घरी कुणाचे तरी मोजून या, असं मी एकदा सांगितलं. एका मुलीचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. ते लाजून हात लावू देईनात. शेवटी स्वतःच चाचपले आणि गंभीर झाले. "एवढी मेन लाइन, आणि इतकी वरून नेलीय? परवानगी कोणी दिली?"

*

दिंडोरीच्या एक काकू नवऱ्याचं देहदान करायला आल्या होत्या. फॉर्मवर सही करताना म्हणाल्या, "एक बघाल का? हे कायम म्हणायचे, उजव्या मांडीला बाहेरून आग होती. द्राक्षांच्या फवारणीचा पंप पाठीला, अन् कमरेला पट्टा करकचून. डॉक्टरला काय सापडलं नाय. मी म्हणायचे, कामाचा कंटाळा, सोंगं करत्यात."

मांडीच्या बाहेरच्या त्वचेची एक बारीक नस कमरेच्या हाडाजवळून खाली उतरते. काही महिन्यांनी त्यांच्या देहाची पाळी आली तेव्हा मुलांना घेऊन मी ती अलगद मोकळी केली. डावीकडे सुतासारखी होती. उजवीकडे, बरोबर पट्टा बसायचा तिथे, गाठ आल्यासारखी जाड झालेली.  

त्याच संध्याकाळी मी फोन केला. "काकू, ते खरं सांगत होते."

 काकूंनी विचारलं, "पोरांनी तोडली का ती नस?"

"नाही, शाबूत आहे."

"मग राहू द्या तशीच. लय सोसलंय तिनं."