वरातीच्या बत्त्या

वरवट बकालच्या निवृत्तीची निम्मी हयात शेतातल्या माळ्यावर गेली. सातपुड्यातून उतरणाऱ्या रानडुकरांपासून लोकांची ज्वारी राखायची, हाच त्याचा धंदा. चिलीम पेटवताना तो एक डोळा घट्ट मिटून घेई. एक डोळा उजेडाने दिपला, तरी दुसऱ्याने अंधारातलं डुक्कर दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको शालूबाई त्याला यावरून काणा म्हणून चिडवायची.

लढाईच्या दिवसांत जळगाव जामोदच्या अलीकडे इंग्रज सरकारने रान सपाट करून विमानं उतरायला पट्टी केली. रात्री जागायची सवय आहे म्हणून निवृत्तीला तिथे दिवेवाला नेमलं. पट्टीच्या दोन्ही कडांना कंदील मांडायचे आणि वर्दी आली की पेटवायचे, एवढंच काम. दोन महिने विमानं त्या कंदिलांच्या मधून अलगद उतरली.

मग एक मोठा साहेब येणार असं कळलं आणि ओव्हरशियर रंगरावांच्या अंगात आलं. एवढा साहेब येणार आणि आपल्याकडे मिणमिणते कंदील? त्यांनी वाजंत्रीवाल्यांकडून वरातीच्या बारा गॅसबत्त्या आणवल्या आणि पट्टीच्या टोकाला, येणाऱ्या विमानाच्या थेट तोंडावर, ओळीने टांगल्या. जणू नवरदेवच उतरणार होता.

निवृत्तीने हात जोडले. "साहेब, बत्तीकडं पाह्यलं का डोये दिपतात. मंग खालची भुई दिसत नाही. इमानवाल्याले आंधयं करून काऊन उतरवता?"

"डुकरं हाकलणाऱ्यानं मले इमान उतरवनं शिकवू नये," रंगराव म्हणाले.

त्या रात्री विमान आलं, भुईचा अंदाज न येऊन आपटलं आणि पट्टी सोडून नाल्यात घुसलं. साहेबाचा पाय मोडला. आता तरी यांचं डोकं ठिकाणावर येईल, असं निवृत्तीला वाटलं. कुठचं काय! रंगरावांनी वर कळवलं की उजेड कमी पडला. बाराच्या चोवीस बत्त्या झाल्या. निवृत्तीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण त्याचं ऐकणार कोण?

पुढच्या विमानाची घरघर कानावर आली तेव्हा त्याला राहवलं नाही. बत्त्यांच्या हवेच्या चाव्या सोडून त्या विझवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. विमानाने वर एक फेरा घेतला. खाली नुसते कंदील उरले होते. त्यांच्या मधोमध ते अलगद टेकलं.

तरुण गोरा वैमानिक उतरून थेट त्याच्याकडे आला. विझलेल्या बत्त्यांकडे बोट दाखवून त्याने स्वतःच्या डोळ्यांवर तळहात धरला, मग निवृत्तीचा हात दोन्ही हातांत घेऊन इंग्रजीत बरंच काही बोलला. निवृत्तीला त्यातला एक शब्द कळला नाही, तरी सगळं कळलं. तरी ते चार लोकांत मराठीत ऐकावं असं त्याला फार वाटत होतं.

"काय म्हणते साहेब?" त्याने धावत आलेल्या रंगरावांना विचारलं.

रंगरावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "दिवे कोणं इझवले, ते इचारून राह्यला. उद्यापासून येऊ नको तू."

निवृत्ती पुन्हा माळ्यावर गेला. तिथून पट्टी दिसायची, चोवीस बत्त्यांनी झगझगणारी. रात्री वर घरघर ऐकू आली की तो घाईघाईने खाली उतरे आणि आपली शेकोटी मातीने विझवून टाकी. तेवढाच उजेड त्याच्या हातात उरला होता.