घसा बसलाय, असं मी दाखवलं

माझी बायको एकेचाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. मुलांना नाही. ज्यांना मी भाषण करायला शिकवलं त्या विद्यार्थ्यांना तर नाहीच. आज तुमच्यापुढे सांगायला बसलोय, पण आधी उठून दाराला कडी घालून आलो. वारा लागतो म्हणून घालतो, असं घरचे समजतात. समजू देत.

आता भीती कशाची, असं तुम्ही विचाराल. वडील गेले, चुलते गेले, महाराज गेले, गावची ती चावडीसुद्धा पडली. मग कशाची? — मला नीट सांगता येत नाही. पण दारात अनोळखी माणूस उभा राहिला की अजून मी आतल्या खोलीत सरकतो. हा काय विचारायला आलाय ते आपल्याला कळलंय, असं वाटतं.

कोल्हापूरच्या महाराजांच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. मी कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकत होतो. आमचं गाव कागलच्या वाटेवर, पाटीलकी आमच्या घरात. वसतिगृहात एक वयस्कर गुरुजी दर रविवारी वक्तृत्व शिकवत. मला रंकाळ्याच्या बांधावर उभं करून ते दूर दूर चालत जायचे, आणि ऐकू येईनासं झालं की छत्री उघडायचे. छत्री उघडली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणायचा, हात कधी उचलायचा — सगळं त्यांनी शिकवलं. वर्षभरात मी इतका तयार झालो की शहरातल्या सभांना मला बोलावणं येऊ लागलं.

त्याच सुमाराला, सरकारी पाणवठे सगळ्यांना मोकळे, असा महाराजांचा हुकूम निघाला होता. त्यावर एक सभा झाली आणि मी बोललो. त्या भाषणातलं एक वाक्य मी तीन दिवस घासलं होतं. 'हुकूम कागदावर आहे, पाणी विहिरीत आहे. मधलं अंतर कुणीतरी चालायला हवं.' 'विहिरीत आहे' नंतर मी श्वासभर थांबलो. लोक उठून उभे राहिले. खरं सांगू? ते अंतर कोण चालणार, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. कुठे थांबायचं, एवढाच केला होता.

सभेत अगदी मागे आमच्या गावचा धोंडीबा उभा होता. गावकुसाबाहेर राहणारा, पलटणीत नोकरी करून, लढाई बघून परत आलेला. माझ्या वडिलांच्या वयाचा. सारा गाव त्याला धोंड्या म्हणे. मी धोंडीबा म्हणायचो आणि तेवढ्यावरच स्वतःला फार पुढारलेला समजायचो. सभा संपल्यावर तो मला भेटला. माझं ते वाक्य त्याने मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं — थांबण्यासकट.

मार्गशीर्षात मी चार दिवसांसाठी गावी गेलो. धोंडीबाने मळ्यात येऊन मला गाठलं, उद्या सकाळी गावविहिरीवर पाणी भरायला जाणार आहे म्हणाला. मी काय करायचं, असं मी विचारलं.

"काय करू नगा, धाकलं पाटील. नुस्तं तितं उभं ऱ्हावा. तुमी बगताय म्हटल्यावर कोण हात उचलणार न्हाय."

मी येतो म्हणालो. गेलोही. पण विहिरीजवळ नाही — वीसेक पावलांवर पिंपळ होता, त्याच्या आडोशाला. का? अजून कुणी काही केलंही नव्हतं, तरी माझे पाय तिथून पुढे जाईनात.

धोंडीबा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून आला. शांतपणे पायऱ्या उतरला, घागर भरली आणि ती छातीशी धरून वर आला. काठावर पाच-सहा जण जमले होते. माझे चुलते पुढे झाले, त्यांनी घागरीला लाथ मारली. घागर त्याच्या छातीवर आदळून फुटली, तो मागे पायऱ्यांवर पडला आणि दोन पायऱ्या घसरत गेला. उठताना त्याचा उजवा हात कोपरापासून भलतीकडेच वळलेला मला दिसला. त्याने इकडे तिकडे पाहिलं. तो कुणाला शोधत होता ते मला कळलं. मी पिंपळामागून मागच्या मागे घरी आलो आणि आईने वाढलेली भाकरी खाल्ली.

मोडलेला हात बांधून धोंडीबा तसाच कचेरीत गेला. मी येतो म्हणालो होतो, म्हणजे आलोच असणार, या भरवशावर त्याने अर्जात साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. आठवड्यात चौकशीला अंमलदार आले, साक्षीसाठी मलाही वसतिगृहातून बोलावून घेतलं, सारा गाव चावडीत जमला. धोंड्या ओल्या पायरीवरून घसरला, असं एकामागून एक सगळ्यांनी सांगितलं. वडील पाटील म्हणून अंमलदारांच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. चुलते पान लावत होते. मला कुणी धमकावलं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. पण कुणी एक शब्द बोललं नव्हतं. भावकीतली ती सगळी ओळखीची तोंडं, आणि ती सगळी उद्यापासून माझ्याकडे पाठ फिरवतील — एवढंच मला दिसत होतं. आणि धोंडीबा दाराबाहेर पायरीशी उभा होता, हात गळ्यात बांधलेला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. माझी पाळी यायची होती ना.

अंमलदारांनी माझं नाव घेतलं. मला ते ओळखत होते, कोल्हापुरात त्यांनी माझं भाषण ऐकलं होतं. बोला, काय पाहिलंत, म्हणाले.

मी उठलो. गळ्याभोवतीचं उपरणं आवळलं, बोट घशाला लावलं आणि मान हलवली. ओठ हलवले, आवाज काढला नाही. हे मी आधी ठरवलं होतं का? नाही, शपथेवर सांगतो — पण त्याने काय फरक पडतो? इतकं चोख मी कुठल्याच व्यासपीठावर केलं नव्हतं. चावडीतल्या एकालाही शंका आली नाही.

अंमलदार म्हणाले, मग लिहून द्या. माझ्यापुढे कागद आला.

हा विचार मी केलाच नव्हता. कागद आला नसता तर मी निदान मुकाच राहिलो असतो. आता मला लिहायचं होतं, आणि मी लिहिलं — 'मी उशिरा पोहोचलो. मी काही पाहिलेलं नाही.' खाली सही केली. अंमलदारांनी कागद मनात वाचला, घडी घातली, आणि पुरावा नाही म्हणून अर्ज निकालात काढला. त्यावर काय लिहिलंय ते मोठ्याने कुणी वाचलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात धोंडीबाने गाव सोडलं. त्या हाताने आता जड काम होणार नव्हतं. मिरजेकडे कुणी नातेवाईक होता, तिकडे निघाला होता. जाताना वाट वाकडी करून कोल्हापुरात वसतिगृहावर आला. त्याला फाटकात बघितलं आणि मला वाटलं, कागदावर मी काय लिहिलं ते याला कळलं. दुसऱ्या दाराने पळावं, असंही मनात आलं.

त्याने डाव्या हाताने कमरेची पुरचुंडी सोडली. आत ज्येष्ठमधाच्या कांड्या होत्या.

"चघळा ह्या. पलटणीत डाक्तर द्यायचा. तुमी त्या दिशी बोलला असता तर झालं असतं, पर घशाला काय करायचं." मग पुरचुंडी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आवाज आला का परत?"

तो हे मनापासून विचारत होता की त्याला सगळं कळलं होतं? पन्नास वर्षं मी तो चेहरा आठवून बघतोय. मला सांगता येत नाही. पण तेव्हा त्याला खरं सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. ना चुलते, ना चावडी. तिथे मला कुणाची भीती होती, सांगा?

मी उपरण्यात हनुवटी खुपसली आणि घोगरं कुजबुजलो, "अजून नाही."

जपा म्हणाला, आणि गेला. पुन्हा कधी दिसला नाही. मी मिरजेला पुढे कितीदा गेलो, भाषणांसाठी गेलो, पण त्याची चौकशी केली नाही. सापडला असता तर, ही धास्ती होती.

तो आला तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी शहरात सभा होती. मी बोललो. पाऊण तास, शेवटच्या रांगेपर्यंत.