पोत्याच्या तळाची ज्वारी

जामखेडच्या मुलींच्या वसतिगृहाचा मी अध्यक्ष असताना एक धान्यव्यापारी आमच्यासोबत विश्वस्त होता. सभेसाठी तो थेट राहात्याहून एसटीने यायचा. आधी डोळे मिटून प्रार्थना करायचा, आणि ती इतकी लांबायची की आमच्या चहावर साय धरायची. डोळे उघडले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “आज पोरींनी काय खाल्लं?”

एकदा एका बड्या देणगीदाराने ज्वारीची पोती पाठवली आणि सत्काराला स्वतः आला. फोटो निघत असताना आमच्या या व्यापाऱ्याने एका पोत्याचं तोंड सोडलं आणि काखेपर्यंत हात आत घातला. वरचे दाणे टपोरे होते. तळातून निघाली ती काळपट, कुबट ज्वारी.

“पाव्हणं, असला माल मी गिऱ्हाइकाला देत न्हाई,” तो म्हणाला. “कापणीच्या सणाला आमी चर्चमधी पयलं, चांगलं पीक नेतो. मग पोरींना हे कसं घालायचं? न्या माघारी.”

देणगीदार संतापला. मी पुढे होऊन हात जोडले. “माफ करा, साहेब. व्यापारी माणूस, बोलायची रीत नाही त्याला.”

पोतं शिवता शिवता तो म्हणाला, “सर, माफी मागायचीच हाय तर आत पोरी जेवायला बसल्यात. तिकडं जाऊन मागा.”

पोती परत गेली. पुढच्या निवडीत आम्ही त्याला उद्धट म्हणून मंडळातून वगळलं. आता थकलोय, म्हणून लिहून टाकतो. तो उद्धट नव्हता. पोतं सोडताच तो कुबट वास मलाही आला होता.