बांगडा खोल गेला त्या वर्षी

दारात भिकू उभा होता, अंगावरचे कपडे ओलेचिंब. भाऊ होडीचा नाखवा, आणि भिकू तिच्यावर सुकाणू धरायचा. "ताई, नाखवो पाण्यात गेलो," एवढंच तो म्हणाला. दादाला, म्हणजे हिराजीला, जाळं ओढताना फिट आली आणि तो होडीबाहेर कलंडला. तिसऱ्या दिवशी मढच्या खडकांत प्रेत सापडलं. ओळख पटली ती डोक्यावरच्या जुन्या जखमेच्या व्रणामुळे... चेहरा माशांनी ठेवला नव्हता. त्याला आता पाच आठवडे होतात.

दादा तापट होता असं लिहिलं तर आमच्या वेसावे कोळीवाड्यातली माणसं हसतील. तो मारकुटा होता. वडिलांच्या मागे त्यानेच मला वाढवलं, अंधेरीच्या कॉलेजात घातलं, आणि बसस्टॉपवर मला छेडणाऱ्याचे दोन दात पाडले. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि भीतीही.

ऐंशी साल उलटलं आणि लागोपाठ दोन हंगाम बांगडा आला नाही. पाऊस सरला की बांगड्याचे थवे किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत यायचे आणि आमची वरच्या पाण्यातली तरंगती जाळी भरून जायची. आता ती रिकामी परत येत होती. मोठे ट्रॉलर मात्र बांगडा उतरवत होते. त्यावरून बंदरावर रोज शिव्या, रोज हाणामाऱ्या. दादा फाटक्या शर्टाने, सुजलेल्या ओठाने घरी यायचा. मी तेव्हा प्राणिशास्त्र शिकत होते. आमचे सर सांगायचे, वरचं पाणी नेहमीपेक्षा गरम राहिलं की बांगडा गारव्याला आणि खाण्याच्या मागे खोल उतरतो. एका संध्याकाळी मी दादाला तेच सांगितलं. मासा कुणी चोरलेला नाही, खाली गेलाय, म्हणून तळातून जाळं ओढणाऱ्यांना मिळतो. आपणही खोल सोडून बघू. तो ताटावरून उठला आणि त्याने माझ्या कानाखाली वाजवली. मी स्टोव्हवर जाऊन आदळले. "दोन बुकं वाचून चोरांची बाजू घेतेस?" तो म्हणाला. कोपरावरचा डाग अजून आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी एक ट्रॉलर त्याच्या जाळ्यातून आरपार गेला. दादाने होडी वळवली आणि सरळ त्याच्या कुशीत घातली. ट्रॉलरच्या कडेला अडकलेलं जाळं सोडवायला एक खलाशी बाहेर वाकला होता. दोन बोटींच्या मध्ये त्याचा हात चिरडला. इंजिनाच्या आवाजातही हाड मोडल्याचं ऐकू आलं, असं दादा पुढे सांगायचा. तरीही तो वल्हं घेऊन वर चढला, एकाचा जबडा फोडला, आणि मग कुणीतरी लोखंडी सळई त्याच्या डोक्यात घातली.

तो खलाशी म्हणजे हा भिकू. देवगडकडचा, वाकोल्याला भावाच्या खोलीत राहणारा, रोजंदारीवरचा. दोघांना एकाच वॉर्डात ठेवलं होतं, दाराशी पोलीस. भिकूचा उजवा हात मनगटापासून कापावा लागला. मी डबा घेऊन गेले तेव्हा दादा त्याच्या खाटेशी उकिडवा बसला होता. माफी मागणं त्याला कधी जमलंच नाही. त्याने एवढंच विचारलं, की बांगडा किती वाव पाण्यात लागत होता; वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप. भिकू भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच पडून तो म्हणाला, "खाल. धा वाव. वयर काय्येक नाय." दादाने माझ्याकडे बघितलं नाही.

शिक्षा भोगून आल्यावर तो वाकोल्याला गेला आणि भिकूला आपल्या होडीवर घेऊन आला. जाळ्याला वजनं वाढवली, दोऱ्या लांब केल्या. कधी बांगडा लागायचा, कधी नाही. मारामाऱ्या थांबल्या नाहीत. डोक्यातल्या त्या घावाने फिट यायला लागल्यावरही वर्षातून एकदा तरी तो रक्ताळून घरी यायचा. माझ्यावर मात्र त्याने पुन्हा हात उगारला नाही. त्या थपडेबद्दल तो कधी बोलला नाही, आणि मी त्याला पूर्ण माफ केलं असं मलाही म्हणवत नाही...

त्याच्या खोलीत खुंटीला एक सुती दोरी आहे, टोकाला शिसं बांधलेली. दर हंगामात पहिला बांगडा जितक्या खोल लागे, तिथे तो एक गाठ मारायचा. गाठी सरळ खाली खाली गेलेल्या नाहीत. पाणी गार राहिलं त्या एका वर्षाची बरीच वर आहे, मग पुन्हा खोल. बाराव्याला भिकू आला आणि म्हणाला, नाखवा गेला तेव्हा जाळ्यात बांगडा होता, या हंगामातला पहिला, आठ वावांवर. मी दोरी काढली आणि दोन्ही हात पसरून आठ वाव मोजले. भिकूने डाव्या हाताने फास घातला, पण एका हाताने तो आवळेना. त्याने एक टोक दातांत धरलं, दुसरं माझ्याकडे दिलं, आणि आम्ही दोघांनी ओढून ती गाठ घट्ट केली.