माळकरी आईनं पाहुणीला वाईन पाजली

मंडळी, आज लय हसलो.

पलूसची आमची बंद पडलेली वायनरी आम्ही भावांनी पुन्हा सुरू केली. आई माळकरी. "तुमची दारू तुमच्यापाशी," म्हणून ती तिकडं फिरकलीच नव्हती.

आज पुण्याहून पहिले पर्यटक आले. पाहुणे उपाशी नकोत, म्हणून आई भाकरी-वांगं घेऊन आली. तेवढ्यात एका बाईंनी वाईनचा घोट चाखून त्यासाठीच ठेवलेल्या भांड्यात थुंकला. वाईन चाखणारे असंच करतात, पण आईला काय माहीत!

"आवं ताई, थुकताय कशाला? आमच्या द्राक्षाची हाय ती. प्या की नीट!"

बाईंनी मुकाट्यानं पेला संपवला.

'तुमची दारू' आज 'आमच्या द्राक्षाची' झाली! बाटलीवर आईचं नाव टाकावं म्हणतोय. तिला विचारायला माझ्यासोबत कोण येतंय?