वाळलेला चुना

बुद्धपौर्णिमा पाच दिवसांवर आलेली असताना विहाराच्या भिंतीला बायकांनी दिलेला चुना मी धुऊन काढला. एकट्याने, पाइप लावून, आणि मोठ्या समाधानाने.

लोधिवलीजवळच्या आमच्या वस्तीत दर वैशाखात बायका मिळून विहाराला चुना देतात. मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर, म्हणून देखरेख माझ्याकडे. म्हणजे मला कुणी सांगितली नव्हती, मीच घेतली होती. दुपारी चुना लागला, संध्याकाळी वाळला. हात फिरवून पाहिला तर तळवा पांढरा. मी निदान केलं : चुना भेसळीचा. वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं, भौतिक बदल; तो तर पुरा झाला, मग आता व्हायचं काय राहिलंय? लावला पाइप.

सकाळी माझी आत्या चुन्याचा दुसरा हात द्यायला आली आणि दारातच थांबली.

"पांढरी भिंत कुठं गेली रं?"

"चुना हाताला लागत होता, आत्या."

"लागनारच. वाळलाय, पिकला नाय. चार दिस वारा खाल्ला की पिकतो. तुला कुनी पुसून बघाया सांगितलं व्हतं?"

वारा खाल्ला की. मी पायरीवर बसलो. दरवर्षी वर्गात चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती दुधाळ करून दाखवणारा मीच. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळतो, त्याचा परत दगड होतो, हा रासायनिक बदल, हे पोरांकडून वहीत लिहून घेणाराही मीच. भिंतीवर तेच चाललं होतं, फक्त सावकाश. पाणी उडालेलं डोळ्यांना दिसलं, म्हणून मी तेवढंच खरं धरलं. फळ्यावर मी मधोमध रेघ मारून दोन रकाने करायचो, इकडे भौतिक, तिकडे रासायनिक. एकाच भिंतीवर एक संपता संपता दुसरा चालू असेल, हे त्या रेघेने मला कधी सुचू दिलं नाही.

बायकांनी पुन्हा चुना कालवला. मी निमूट बादल्या वाहिल्या. शेवटी न राहवून विचारलं, "पौर्णिमेपर्यंत पक्का होईल का गं?"

"समदी पांढऱ्या कापडांतच येनार. लागला तरी दिसनार नाय," शेजारची वहिनी म्हणाली, तशा बाकीच्या हसल्या.

आत्या हसली नाही. भिंतीवरचा ब्रश न थांबवता म्हणाली, "चुना चार दिसांत पिकतो गं. याला साठ वर्सं झाली, ह्यो अजून कच्चाच."